चोरबाजारातला हिरवा दिवा : माल खरा, बोट खोटी

दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगायचा प्रश्न येत नाही. मटन स्ट्रीटला शिरलात की भोंग्याच्या ग्रामोफोनवाल्यांची रांग संपते, तिथून पुढे डाव्या हाताला एक गाळा आहे. दारात जहाजाचं लाकडी सुकाणू टांगलेलं असतं, आणि त्याच्या एका दांड्यावर मालकाचा शर्ट. मालकाला सगळे चाचा म्हणतात. मी चौसष्टचा, ते माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठे असतील, पण मीही चाचाच म्हणतो.

आधी मी इथे का गेलो ते सांगतो. मुलाने ठाण्याला फ्लॅट घेतला. त्याच्या इंटिरियरवालीला हॉलमध्ये 'नॉटिकल लूक' हवा होता, म्हणजे भिंत निळी आणि कोपऱ्यात जहाजाचा दिवा. मुलाने ऑनलाईन एक मागवला. फोटोत सोन्यासारखा पिवळाधम्मक. घरी आल्यावर मी किल्ल्यांच्या जुडग्याला असलेलं लोहचुंबक लावून पाहिलं, टपकन चिकटलं. लोखंडी पत्र्यावर पितळेचं पाणी. काच गोल, चारी बाजूंनी हिरवी, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं 'स्टारबोर्ड'. मी मुलाला म्हटलं, हे परत कर, बाप माझगाव डॉकमध्ये एकतीस वर्षं इलेक्ट्रिकल फिटर होता, लोक काय म्हणतील.

स्टारबोर्ड म्हणजे जहाजाची उजवी बाजू. तिथला दिवा हिरवा, डावीकडचा लाल. पण हे दिवे चहूकडे दिसायचे नसतात, यातच तर सगळी गंमत आहे. प्रत्येक दिवा नाकासमोरून आपापल्या बाजूला ११२.५ अंशच दिसला पाहिजे. समोरून येणाऱ्याचे दोन्ही रंग दिसले तर तो तुमच्या अंगावर येतोय, एकच दिसला तर आडवा जातोय. काळोख्या रात्री एवढ्या दोन ठिपक्यांवर माणसं जीव टाकून असतात. गोल काचेचा 'स्टारबोर्ड' लावून कोणी समुद्रात गेला तर सगळ्या दिशांना एकच खोटं सांगत फिरेल. त्यामुळे खरा बाजूचा दिवा पुढून फुगीर आणि मागून काटकोनी असतो, साधारण केकच्या पाव भागासारखा. दुकानात गेल्यावर सगळ्यात आधी हे बघा. अर्धा बाजार इथेच गळतो.

चाचांकडे पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता. शुक्रवारी जाऊ नका. त्या दिवशी पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुमा बाजार बसतो. चपला, चार्जर, एकच पाय असलेली खुर्ची असलं सगळं मिळतं, पण जहाजाचा माल नाही.

गाळा दहा बाय बारा असेल. आत शिरायला जागा नाही, अंग चोरून उभं राहायचं. वर पोर्टहोलच्या चौकटी टांगलेल्या, कोपऱ्यात टेलिग्राफ, म्हणजे इंजिन रूमला हुकूम द्यायचं ते तबकडीचं यंत्र. त्यातली एक तबकडी खरी होती, बाकी दोन नव्या ओतलेल्या. होकायंत्रं ढिगाने, बहुतेक सगळी रुडकी-मुरादाबादकडची. वाईट नाहीत, पण 'लंडन १८८५' असं कोरलेलं बघून हसू येतं. चहा मात्र लगेच आला, आणि कटिंग नाही, फुल. यासाठी अर्धा गुण जास्त.

माझ्याआधी एक कच्छी गृहस्थ आत होते, बायको आणि दोन मुलींसोबत. चाचा एक तांब्याचा दिवा हातात धरून त्यांना सांगत होते, "सेठ, ये विजळी का है. हाजी कासम की विजळी." गृहस्थांनी हात कपाळाला लावला. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. कागदावर नाव 'वैतरणा', १८८५ साली स्कॉटलंडला बांधलेली आगबोट, शेफर्ड कंपनीची. मांडवी ते मुंबई माणसं आणि माल नेणारी. विजेचे दिवे होते म्हणून कच्छ-काठियावाडात लोकांनी तिला विजळी म्हटलं. ८ नोव्हेंबर १८८८ ला मांडवीहून सुटली, द्वारकेला थांबली, हवा इतकी बिघडलेली की पोरबंदरला लागता आलं नाही, आणि पुढे मांगरोळच्या आसपास सातशेच्या वर माणसांसकट नाहीशी झाली. त्यात लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं होती. कप्तानाचं नाव कासम. आजही तिकडच्या माणसाजवळ हे नाव काढलं की चेहरा बदलतो. त्या बाईंचा बदललेला मी पाहिला.

आता गंमत बघा. विजळीचा एक खिळाही कधी सापडला नाही. शोध झाला, चौकशी बसली, पण लाकडाची फळीसुद्धा हाती लागली नाही. मग दिवा कुठून आला? मी काही बोललो नाही. दुसऱ्याच्या सौद्यात तोंड घालू नये हा बाजाराचा नियम. शेवटी त्यांचा सौदा तुटला, पैशावरून. ते गेल्यावर मी तोच दिवा मागितला आणि मराठीत विचारलं, "चाचा, कुठल्या बोटीचा?"

एक सेकंद गेला नसेल. "रामदास," चाचा म्हणाले. "आपली रामदास. रेवसवाली."

मला रागच यायला हवा होता. आला पण थोडा, आणि तो चहाबरोबर गिळला. कारण त्यांना काय माहीत की आमच्या घरात रामदास आहे.

अलिबाग-पोयनाडकडच्या कुठल्याही घरात जा, रामदास बोट निघतेच. बहुतेक ठिकाणी गोष्ट एकच असते, आमचे आजोबा त्या दिवशी बोट चुकले. कोणाचं धोतर अडकलं, कोणाला ट्राम मिळाली नाही, कोणी तंबाखू घ्यायला थांबला. खरंच एवढी माणसं चुकली असती तर बोट रिकामी गेली असती. आमच्या घरात मात्र चुकलेला नाही, पकडलेला आहे. माझ्या आईचा मामा. चोवीस वर्षांचा, लालबागला गिरणीत कामाला. १७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढ अमावस्या. पोरं गटारीला घरी निघाली होती. कोकणची लांबची बोट पावसाळ्यात बंद असायची, पण रेवसची जवळची फेरी चालू. दीडेक तासाचा तर रस्ता. सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून सुटली, अर्ध्या-पाऊण तासात गल आयलंडजवळ, म्हणजे ज्याला आपले लोक काशाचा खडक म्हणतात तिथे, लाटेने कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि उलटली. सहाशेहून जास्त गेले. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईत लोक कामाला लागले होते, डबे खात होते, आणि बंदराबाहेर काय झालंय याची कोणाला खबर नव्हती. काही जण पोहत किनाऱ्याला लागले तेव्हा कळलं. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. आमच्या मामाचं काहीच मिळालं नाही.

ती बोट ज्या कंपनीची, तिला लोक 'माझी आगबोट' म्हणायचे. परदेशी कंपन्यांसमोर आपल्या माणसांनी भांडवल गोळा करून उभी केलेली, म्हणून माझी. बोटींना संतांची नावं. त्यातलीच तुकाराम, आणि जोडीला जयंती, या दोन्ही १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी वादळात गेल्या होत्या. तरी लोक रामदासला 'माझी'च म्हणत राहिले. लोकांकडे दुसरा रस्ताही कुठे होता म्हणा, धरमतरच्या खाडीला वळसा घालून यायचं तर अख्खा दिवस मोडायचा.

असो. दिव्याकडे येतो, कारण दिवा खरंच बघण्यासारखा होता.

उंची चौदा इंच, वजन चार किलोच्या आसपास. तांब्याचा पत्रा, कडा आणि बिजागऱ्या पितळेच्या. चुंबक कुठेच चिकटलं नाही. पत्र्याचे जोड दुमडून, ठोकून, मग झाळलेले. आजकालच्या मालात नुसता डाग देऊन सोडतात, बोट फिरवलं की गुठळी लागते. इथे बोट सरळ गेलं. वरचं टोपण दुहेरी, म्हणजे धूर बाहेर पडेल पण वारा आत घुसणार नाही. मागचं दार उघडलं, आतून कल्हई. आणि काच. काच निळसर होती.

इथे कोणी म्हणेल, स्टारबोर्ड हिरवा म्हणालात ना? हिरवाच. पण रॉकेलची ज्योत पिवळी असते. पिवळा उजेड गर्द हिरव्या काचेतून पाठवला तर मळकट, पोपटी दिसतो. म्हणून तेलाच्या दिव्यांना जुने कारागीर निळसर झाक असलेली काच घालायचे. ज्योत पिवळी, काच निळसर, लांबून दिसतो स्वच्छ हिरवा. हे मला डॉकमध्ये आमच्या कॉपरस्मिथ शॉपमधल्या एका म्हाताऱ्याने दाखवलं होतं, विझलेला आणि पेटलेला दिवा शेजारी ठेवून. नकला करणारे विजेच्या बल्बचा विचार करतात, बाटलीसारखी हिरवीगार काच घालतात. तेव्हा दुकानात हिरवा दिवा जितका हिरवा, तितका संशय घ्या. काचेला पुढून आडव्या धारा होत्या, उजेड गोळा करून क्षितिजावर सपाट पाठवणाऱ्या. एका धारेला टवका गेलेला. चालेल.

म्हणजे दिवा अस्सल होता. तेलाचा, जुना, कुठल्यातरी बोटीवर खरंच जळलेला. चाचा काय सांगत होते? कोळ्याच्या जाळ्यात आला, काशाच्या खडकापाशी. मी आत बोट घातलं आणि धुराड्याच्या आतून फिरवून बाहेर काढलं. काळं. कोरडी, मऊ, चुलीवरच्या भांड्याला असते तशी काजळी.

तुम्हीच सांगा, पंच्याहत्तरहून जास्त वर्षं समुद्राच्या तळाशी पडलेल्या दिव्यात काजळी राहते का? तांबं पाण्यात गेलं की हिरवा कळंक धरतं, पत्रा खड्डे पडून चाळणी होतो, काचेवर कालवं बसतात, कल्हईचा पत्ता लागत नाही. हा दिवा कधी बुडालेलाच नाही. बोट सुखरूप राहिली, म्हातारी झाली, दारूखान्याच्या नाहीतर अलंगच्या जहाज तोडायच्या यार्डात तुटली, आणि दिवा हातोहात इथवर आला. तेवढंच त्याचं चरित्र. मला तर ते जास्त आवडलं. पण बुडालेल्या बोटीचा भाव जास्त असतो, सुखरूप पोचलेलीला कोण विचारतं.

चाचा अठरा हजार म्हणाले. मी म्हटलं बघतो, आणि आलो.

पुढच्या शनिवारी गेलो तर दिव्याच्या पोटावर पितळेची पट्टी बसलेली. इंग्रजीत, 'एस. एस. रामदास, बॉम्बे, १९३६'. अक्षरांत काळा रंग भरलेला, अजून वास येत होता. मी मोठ्याने हसलो, चाचाही हसले. त्यांना वाटलं मी खूश झालो. साल बरोबर शोधलं होतं, हे मानलं पाहिजे. बोट १९३६ चीच, टाईन नदीकाठी स्वान हंटरच्या कारखान्यात बांधलेली. पण पट्टी बसवली होती फुलीच्या खाचेच्या स्क्रूने. या स्क्रूचं पेटंट अमेरिकेत झालं तेच मुळी १९३६ साली. त्याच साली इंग्लंडात एका छोट्या कोकणी बोटीच्या दिव्याला तो लागला असेल, तर मी माझं पेन्शन चाचांच्या नावे करतो. शिवाय १९३६ च्या बोटीला विजेचे दिवे असणार, तेलाचे राखीव म्हणून. राखीव दिव्यात एवढी काजळी धरत नाही.

मी चाचांना सगळं सांगितलं. चुंबक, काच, काजळी, स्क्रू. वीस मिनिटं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, पोराला दुसरा चहा सांगितला. मग म्हणाले, "साहब, आप के जैसा कस्टमर महिने में एक आता है. बाकी सब को कहानी चाहिए." मी विचारलं, परदेशी लोकांना कुठली सांगता? "टायटॅनिक," ते म्हणाले, अगदी गंभीरपणे.

मी म्हटलं, पट्टी काढा आणि भाव बोला. पट्टी काढली तर खाली दोन भोकं पडलेली. चांगल्या जुन्या तांब्याला दोन भोकं! या दुकानाबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. गोष्ट हवी ती सांगा, ऐकणारा शहाणा असेल तर गाळून घेईल, पण मालाला ड्रिल लावू नका. तेवढ्यावर भाव पडला तो मात्र माझ्या फायद्याचा. साडेसहा हजारांत दिला. दोन गोष्टींना मी ठाम नाही म्हटलं, तुम्हीही म्हणा. एक, बफिंग. ते दिवा चकाकून देतो म्हणतात, त्यात शंभर वर्षांचा तांबूस-काळा रंग जातो आणि कडा झिजतात. चिंच-मीठ लावून घरी जेवढं निघेल तेवढं काढा, बस. दुसरं, बल्बसाठी वायरचं भोक. मागच्या दाराला हवेसाठी मुळातच फट असते, वायर तिथून जाते. मी तशीच काढली, दोन वॉटचा पिवळसर एलईडी आत ठेवला. निळसर काच, पिवळा उजेड. भिंतीवर जो हिरवा पडतो तो बघायला या.

तेलाची टाकी आणि वातीचं तोंड मिळालं नाही. चाचा म्हणाले बघतो. दोन महिने बघतायत. गोणपाटात बांधून दिलं ते पॅकिंग उत्तम होतं, लोकलमध्ये ग्रँट रोडहून दादर आणि पुढे ठाण्यापर्यंत काचेला काही झालं नाही. बिल मागितलं तर वहीचा कागद मिळतो. पैसे फोनवरून देता येतात. परत घेणं वगैरे प्रकार नाही, विचारूही नका.

आता एक राहिलं. ती काढलेली पट्टी चाचांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिव्यासोबतच दिली होती. "फ्री में." मी ती टाकणार होतो, राहून गेली. दिवा ठाण्याला नेण्याआधी आठवडाभर आमच्याकडेच होता, आणि नेमकी त्यात दिव्याची अवस आली. आई सत्त्याऐंशीची आहे. अजून त्या दिवशी समई, निरांजनं, लामणदिवा सगळं काढून स्वतः घासते. तिच्या लहानपणीच्या त्या अवसेचं ती फार सांगत नाही. बातमी कशी आली, कोण रडलं, काही नाही. एवढंच सांगते की आजीने दिवे घासून पाटावर मांडले होते, आणि ते लावायचे राहिले.

यंदा तिने हाही दिवा पाटावर ठेवायला लावला. मी म्हटलं, अगं हा देवाचा नव्हे. म्हणाली, दिवा आहे ना. मग तिला ती पट्टी सापडली. इंग्रजी अक्षरं ती जुळवत जुळवत वाचते. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, खोटी आहे, गेल्या महिन्यात कोरलीय, त्या बाबाने मला गंडवायला बसवली होती.

"किती दिलेस?" तिने विचारलं.

"साडेसहा हजार. दिव्याचे. पट्टी फुकट."

तिने ती पट्टी रांगोळीने घासली, पुसली आणि पाटावर दिव्याला टेकवून ठेवली. "नाव तरी बरोबर लिहिलंय," म्हणाली. हळदकुंकू दोघांनाही मिळालं. दिवा आता ठाण्याला आहे, पट्टी इकडेच, तिच्या देवघराच्या फळीवर.

तर गुण : मालाला पाचपैकी साडेचार, भोकांसाठी अर्धा कापला. चहाला पाच. गोष्टींना काय द्यायचं मला ठरवता येत नाही. जाताना चुंबक न्या, छोटी टॉर्च न्या, बोट काळं करायची तयारी ठेवा, आणि सांगितलेल्या भावाच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात करा.

परवा चाचांचा फोन आला होता. जोडीतला डावा दिवा आलाय म्हणे, लाल, त्याच मापाचा, काच अखंड. मी विचारलं, कुठल्या बोटीचा?

"आप बोलो, साहब."